‘ती फुलराणी’ बसवताय? या चुका टाळा

‘ती फुलराणी’ म्हणजे बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं मराठी रूपांतर: भाषेचा एक प्रोफेसर फुलं विकणाऱ्या मंजुळाला ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो. पहिल्या वाचनाला सगळे खळखळून हसतात आणि दिग्दर्शक खूश होतो. तिथेच जरा थांबा. हसू कशाचं येतंय? मंजुळाच्या बोलण्याचं येत असेल, तर अख्खी मंडळी प्रोफेसरच्या बाजूला जाऊन बसली म्हणायची. त्याचा तो भाषेचा माज प्रेक्षकाला खुपला पाहिजे. मंजुळाची भाषा तिच्या घरची आहे, ती तिला पुरती येते, हे नटीला मनापासून पटल्याशिवाय उभं राहून तालीम सुरू करू नका.

सगळ्यात जास्त घोळ उच्चारांत होतो. ‘ण’चा ‘न’ केला की झाली मंजुळा, असा समज असतो. मग ‘पानी’, ‘कोन’ येतं, पण वाक्याचा हेल बातम्या वाचल्यासारखाच राहतो. आमच्या तालमीत तर मुलगी एका वाक्यात ‘पानी’ म्हणायची, पुढच्यात ‘पाणी’. शेवटी संहितेतल्या प्रत्येक ‘ण’, ‘श’ आणि ‘ळ’खाली पेन्सिलीने खूण केली आणि प्रवेशागणिक ठरवलं, की कुठला उच्चार कधी सुधारतो. मधल्या टप्प्यावर एखादा उच्चार मुद्दाम जास्तीचा सुधारू द्या. नव्याने ‘ण’ शिकलेलं माणूस ‘मन’लाही ‘मण’ म्हणून बसतं. असं एकदाच करा, दुसऱ्यांदा ती नक्कल वाटते. आणि ती चिडली की जुना हेल परत आला पाहिजे. राग शिकवलेल्या भाषेत येत नाही.

हा मधला टप्पा लोक घाईने उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. शॉच्या मूळ ‘पिग्मॅलियन’चा तिसरा अंक एकदा वाचाच. एलायझाचे, म्हणजे मूळ नाटकातल्या मंजुळाचे, उच्चार निर्दोष झालेत, हवापाण्यावर ती छान बोलते, आणि त्याच घोटीव सुरात मावशीच्या संशयास्पद मरणाची नि दारूची हकिकत सांगू लागते. जीभ वळली, पण दिवाणखान्यात काय बोलायचं नसतं हे कुणी शिकवलंच नाही. या जागी नटीने पूर्ण गंभीर राहायचं. तिने हसू दाबलं की प्रवेश पडला.

दुसरी सवय म्हणजे पहिली मंजुळा करणाऱ्या भक्ती बर्वेंची नक्कल. 1975 पासून त्यांनी म्हटलेलं मंजुळाचं स्वगत लोकांच्या कानात बसलंय, त्यामुळे नटी त्यांच्याच श्वासाच्या जागा घेते. तालमी चालू असेपर्यंत ध्वनिफीत ऐकू देऊ नका.

परवानगीचं थोडक्यात: शॉचं मूळ नाटक आपल्याकडे स्वामित्वहक्कातून मोकळं झालंय. पु.लं.चं रूपांतर मात्र झालेलं नाही. तिकीट लावण्याआधी लेखी परवानगी घ्या.

राहिला शेवट. 1914 साली लंडनला हिगिन्स, म्हणजे मूळ नाटकातला प्रोफेसर, करणारे नट बीरबोम ट्री पडदा पडताना एलायझाकडे फुलं फेकायचे, म्हणजे प्रेम जुळलं असा अर्थ निघावा. शॉ भडकले, आणि 1916च्या आवृत्तीत त्यांनी पुरवणी जोडून तिचं लग्न नाटकात तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लावून दिलं. मराठी प्रयोगातही ही फुलं वेगळ्या रूपात येतात: एक गोड पार्श्वसंगीत, मंजुळाचं लाजून मान खाली घालणं. संहितेत नसलेलं असं काहीही घालू नका. तिला ताठ उभी ठेवा, नजर समोर.