कासराभर दिवस आणि सकाळचे नऊ: फौजदारी कोर्टात नव्याने येणाऱ्यांसाठी

वकिलीची सनद मिळाल्यावर पहिलं वर्षभर मी एक उद्योग केला. आमच्या जिल्हा न्यायालयात सेशन केस चालू असली की मागच्या बाकावर बसायचं, साक्ष वहीत उतरवून घ्यायची आणि समासात शेरा मारायचा. 'खरा', 'खोटा', 'पढवलेला'. निकाल लागला की आपलं बरोबर आलं का ते बघायचं. सिनिअर सरांना वही दाखवली तेव्हा वाटलं, शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "जपून ठेव. पाच वर्षांनी वाच."

पाच वर्षं लागली नाहीत. एका पंचापुढे (पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार) मी ठळक अक्षरात 'खरा' लिहिलं होतं. काय बोलला होता तो! आरोपीने निवेदन कसं केलं, गाडी कुठे थांबवायला सांगितली, झुडपातून कोयता कसा काढून दिला, मुद्देमालाला लाखेचं सील कसं लावलं, एकही शब्द अडखळला नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याच पोलीस ठाण्याच्या केसमध्ये तोच इसम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा. तेच निवेदन, तेच झुडूप, कोयत्याच्या जागी फक्त कुऱ्हाड. सरांनी उलटतपासाचा पहिलाच प्रश्न टाकला, "याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?" आणि त्याची जीभ पहिल्यांदा अडखळली. सरावाने आलेल्या सफाईला मी खरेपणा समजले होते.

आता उलट बाजू. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बांधावरून मारामारी. मी आरोपींकडून. फिर्यादीची आई साक्षीला आली, सत्तरीच्या पुढची. घटना किती वाजता घडली असं विचारल्यावर म्हणाली, "दिस कासराभर वर आला व्हता." न्यायाधीश शहरातून बदलून आलेले. "म्हणजे किती वाजता?" बाई गोंधळली. "आता काय सांगू, आठ-नऊ आसतील." कागदावर उतरलं: 'सकाळी नऊच्या सुमारास'. पोलिसांपुढच्या तिच्या जबाबात होतं 'सकाळी सातच्या सुमारास'. आकाशात सूर्य होता तिथेच होता. ठाण्यातल्या हवालदाराने त्याचे सात केले आणि कोर्टात त्याचे नऊ झाले. मला विसंगती मिळाली. ती मी साक्षीदाराच्या तोंडावर टाकली आणि पुढे तपासी अंमलदाराच्या साक्षीत सिद्धही करून घेतली. (नवीन मंडळी हे दुसरं पाऊल हमखास विसरतात. जबाब ज्याने लिहून घेतला त्याच्याकडून तो भाग सिद्ध केला नाही तर उलटतपासातली सगळी मेहनत वाया.) निकालपत्रात संशयाचा फायदा देण्यामागे जी कारणं दिली त्यांत हे एक होतं.

म्हातारीने बाहेर मला गाठलं. "वकीलबाई, म्या काय खोटं बोलले?" मी उत्तर न देता अशिलाकडे गेले. अशिलाचं काम केलं याचा पश्चात्ताप मला नाही. बचाव पक्षाच्या वकिलाने हाती आलेली विसंगती सोडून देणं हा अशिलाशी द्रोह आहे. पण सरकारी वकिलांनी उठून फेरतपासात (उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारतात तेव्हा) एवढंच विचारलं असतं, "आजी, तुम्हाला घड्याळ कळतं का?", तर माझी विसंगती तिथेच संपली असती. त्यांच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, त्या दिवशी अकरा केसेस होत्या.

म्हणून नव्याने येणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगते. साक्षीदाराच्या तोंडाकडे जेवढं लक्ष तेवढंच टायपिस्टच्या पडद्याकडे ठेवा. शब्द बदलला की तिथल्या तिथे उभं राहून, नम्रपणे पण ठामपणे, साक्षीदाराचे मूळ शब्द नोंदवायची विनंती करा. साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. कायद्यात तशी तरतूद आहे, पण घाईत सही तेवढी होते. तुमच्या बाजूचा साक्षीदार असेल तर आग्रह धरा. न्यायाधीश चिडतील. एकदा चिडतील, दुसऱ्यांदा तुमच्याकडे बघून आधीच विचारतील.

कागदाला एवढं का जपायचं याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे फौजदारी खटल्यात आता ज्युरी नाही. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला, सेशन न्यायाधीशांना तो पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, वगैरे कथा सगळ्यांना पाठ असते. आज तुमच्या खटल्यात खरंखोटं ठरवणारा माणूस एकच, आणि तोही मध्येच बदलून जातो. ज्यांनी सगळे साक्षीदार ऐकले त्यांची बदली होते, युक्तिवाद नव्या साहेबांपुढे होतो, आणि आधीच्यांनी नोंदवलेल्या पुराव्यावर निकाल द्यायची मुभा नव्यांना कायद्यानेच दिली आहे. त्यांच्यासाठी ती म्हातारी म्हणजे निशाणी ३४ (कोर्टाच्या कागदांतला क्रमांक), दोन पानं. 'न्यायाधीशांनी चेहरा बघितलाय, त्यांना कळेल' या भरवशावर राहू नका.

वरच्या कोर्टात चूक सुधारते, हाही एक भरवसा असतो. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, या प्रकरणातले सर्वोच्च न्यायालयाचे दोन्ही निकाल एकामागून एक वाचा. नाशिकजवळची २००३ची घटना. दरोडा, खून, बलात्कार, वाचताना अंगावर काटा येतो. सहा जणांना फाशी झाली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मधल्या काळात नवा साक्षीदार उगवला नव्हता. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळेच लोक ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही आणि ही गोष्ट दडपली गेली. गुन्हा जितका भयंकर तितकी 'कुणीतरी सापडलं पाहिजे' ही ओढ मोठी, आणि आरोपी भटक्या जमातीचे असले की सापडायला वेळ लागत नाही. हे शेवटचं वाक्य निकालपत्रातलं नाही, माझं आहे.

या प्रकरणातून मी उचललेली सवय: दोषारोपपत्र मिळालं की त्यात काय आहे यापेक्षा काय नाही याची यादी आधी करायची. ओळख परेड झाली पण तिचा अहवाल नाही? स्टेशन डायरीची नक्कल नाही? आधी पकडून सोडलेला कुणी आहे का? रात्रीची घटना असेल तर उजेड कशाचा, हे घटनास्थळ पंचनाम्यात आहे का? जमलं तर एकदा जागेवर जाऊन या, त्याच वेळेला.

आरोपीच्या जबाबाबद्दल थोडं. पुराव्यातला एकेक मुद्दा सांगून कोर्ट आरोपीला उत्तर विचारतं तो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३१३, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१. वकीलखोलीत अशिलाला दिला जाणारा सल्ला ठरलेला: "सगळ्याला खोटं आहे म्हण." मग ४३ प्रश्न, ४३ वेळा 'खोटे आहे'. मयत तुझी बायको होती? खोटे आहे. तुम्ही एकाच घरात राहत होता? खोटे आहे. परिस्थितिजन्य पुराव्याच्या केसमध्ये अशी उत्तरं आरोपीच्याच गळ्यात येतात. पुण्याच्या शरद सारडा प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याच्या साखळीसाठी पाच कसोट्या घातल्या. आरोपीचं खोटं उत्तर ही जास्तीची कडी फक्त साखळी आधीच पूर्ण असेल तेव्हा धरता येते, असंही सांगितलं. युक्तिवादात ते जरूर म्हणा. पण आदल्या दिवशी अशिलाला शेजारी बसवून प्रत्येक मुद्दा त्याच्या भाषेत समजावलात तर ती वेळ येणार नाही. 'माहीत नाही' आणि 'खोटं आहे' यातला फरक त्याला तुम्हीच सांगायचा असतो.

विधी सेवेतून (सरकारी मोफत कायदेशीर मदतीतून) पहिली खुनाची केस मिळाली म्हणून हुरळू नका. अनोखीलाल प्रकरणात (सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१९) खटला जेमतेम दोन आठवड्यांत उरकून फाशी दिली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि फाशी-जन्मठेपेच्या प्रकरणात कोर्टाने नेमायचा वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला असावा, त्याला तयारीला निदान सात दिवस द्यावेत, असं बजावलं. सिनिअरबरोबर उभे राहा, एकटे नको. आणि तारीख मागायला लाजू नका.

ती जुनी वही अजून आहे. समासातले 'खरा', 'खोटा' तसेच आहेत. नव्या वहीत डाव्या पानावर साक्षीदार काय बोलला ते उतरवते, उजव्या पानावर कोर्टाने काय नोंदवलं ते. परवा एका साक्षीला ज्युनिअर शेजारी बसून लिहून घेत होती. हळूच म्हणाली, "मॅडम, 'तिन्हीसांजेला' म्हणजे किती वाजता लिहू?"

मी म्हटलं, "तिन्हीसांजेला लिही." आणि उभी राहिले, कारण पडद्यावर 'सायंकाळी ६.००' उमटलं होतं.