बंगळूर–कोझिकोड मालवाहतूक: मार्ग आखताना या चुका टाळा

म्हैसूर, गुंडलुपेट, वायनाडमार्गे बंगळूर ते कोझिकोड साधारण ३५० किलोमीटर. एवढंच बघून पार्टीला (माल मागवणाऱ्या ग्राहकाला) ‘उद्या सकाळी माल पोहोच’ असा शब्द दिला जातो आणि तिथेच गणित चुकतं. या मार्गावर वेळ ठरते ती बंदीपूरच्या जंगलात आणि थामरस्सेरी घाटात. निघायची वेळ तिथून उलटी मोजत आणा.

जंगलातली रात्रबंदी विसरणे

राष्ट्रीय महामार्ग ७६६ बंदीपूरमधून जातो आणि मालवाहू गाड्यांना रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. दुपारी चारला भरून निघालेली गाडी गुंडलुपेट गाठेपर्यंत बहुधा नऊ वाजून जातात. मग रात्रभर उभी. त्यापेक्षा रात्री माल भरून बाराच्या सुमारास गाडी काढा, पहाटे गुंडलुपेटला टाकी भरा (केरळात डिझेल सहसा महाग पडतं) आणि सहाला जंगल धरा. हुणसूर–गोणिकोप्पल–कुट्टामार्गे मानंतवाडीचा पर्यायी रस्ता आहे, पण तो वळशाचा. रोजच्या फेरीचा हिशोब त्यावर बसवू नका.

कुठलीही गाडी घाटात घालणे

थामरस्सेरी घाटात माथ्यावरच्या लक्किडीपासून पायथ्याच्या अडिवारमपर्यंत नऊ हेअरपिन वळणं आहेत. लांब ट्रेलर तिथे एका दमात वळत नाही, आणि तो मागेपुढे होईपर्यंत अख्खा घाट तुंबतो. असा माल होसूर–सेलम–कोइंबतूर–पालक्काडमार्गेच न्यावा. अंतर बरंच वाढतं, पण पालक्काडला सह्याद्रीतच खिंड असल्याने घाट लागत नाही. मात्र धर्मपुरी–सेलमदरम्यानचा तोप्पूरचा उतार घातक आहे, हे ड्रायव्हरला आधी सांगा.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे ड्रम तापले की पॅडल दाबूनही गाडी धरत नाही. खालच्या गिअरमध्येच उतरवा. ब्रेकचं लायनर जळल्याचा वास आला की सुरक्षित जागा बघून थांबा आणि ड्रम आपोआप निवू द्या. गरम ड्रमवर पाणी ओतलं तर तो तडकतो.

पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो. भाडं ठरवतानाच पालक्काडच्या वळशाचं डिझेल आणि टोल कोणाच्या अंगावर, हे लिहून घ्या.

ई-वे बिलाकडे दुर्लक्ष

ई-वे बिल म्हणजे माल नेताना जीएसटीखाली लागणारं ऑनलाइन कागदपत्र. त्याला दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते, म्हणजे ३५० ला दोन. गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर भाग ‘ब’ मध्ये नवा नंबर भरल्याशिवाय हलू नका. मुदत संपत आली असेल तर संपण्याआधी किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवून मिळते.

उतरवणी गृहीत धरणे

केरळात बऱ्याच ठिकाणी माल नोंदणीकृत हमालच उतरवतात. मजुरीचे दर आणि कामाची वेळ पार्टीकडून आदल्या दिवशी विचारून घ्या. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो, त्यामुळे परतीचा माल त्याच दुपारी भरायला लावू नका. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार पाच तास सलग कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला आठ तास काम ही मर्यादा होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली, आणि दिवसाला आठ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. फेरी एका ड्रायव्हरच्या आठ तासांत बसत नसेल तर दुसरा ड्रायव्हर द्या आणि त्याचा पगार भाड्यात धरा.