रोड बाइकला रुंद टायर लावायचेत? आधी फ्रेममधली जागा मोजा

मुंबईत मरीन ड्राइव्हचा गुळगुळीत पट्टा संपला, की पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलांचे सांधे आणि खड्डे सुरू होतात. २३ च्या, म्हणजे २३ मिमी रुंदीच्या, टायरमध्ये १०० पीएसआय हवा असेल, तर हे सगळं मनगटांना आणि कंबरेला झेलावं लागतं. २८ चा टायर कमी हवेवर चालतो, त्यामुळे बरेचसे हादरे तोच पचवतो. वेग कमी होईल अशी धास्ती असते, पण खडबडीत रस्त्यावर अंग हादरण्यातच बरीच ताकद वाया जाते. व्यावसायिक शर्यतींतले सायकलपटूही २३ सोडून २५ आणि मग २८ वर आले.

टायर बदलणं सोपं आहे. तो मावतो का, ते आधी बघा. टायरच्या बाजूवर ७०० × २३सी आणि २३-६२२ असे आकडे असतात. ६२२ हा रिमचा व्यास, तो नव्या टायरवरही तोच हवा. २३ वरून २८ वर गेलात की टायर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी आणि उंचीला सुमारे ५ मिमी वाढतो. त्यानंतरही वर आणि बाजूंना किमान ४ मिमी मोकळी जागा उरायला हवी. म्हणजे आजच्या टायरच्या वर ९ आणि बाजूंना साडेसहा मिमी पाहिजे. मोजायला अ‍ॅलन की (षटकोनी किल्ल्या) पुरतात: ४ ची की ४ मिमी जाड, ५ ची ५ मिमी, दोन्ही एकत्र धरल्या की ९.

जागा तपासायची ती पुढच्या फोर्कच्या माथ्याखाली, ब्रेकच्या कमानीखाली, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) मागे आणि बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस फिरतो तिथे) चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांच्या, बेचक्यात. रिम ब्रेकच्या (पॅड रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) जुन्या बाइकवर बहुतेकदा ब्रेकची कमानच आडवी येते. रिम आतून १९-२१ मिमी रुंद असेल, तर २८ चा टायर प्रत्यक्षात २९-३० भरतो, तेही धरा. पावसाळ्यात चिखल अडकतो, त्यामुळे काठावरचं माप नकोच. मागे २८ बसत नसेल तर मागे २५ आणि पुढे २८ लावा. अशी जोडी मुळीच वाईट नाही.

नवी ट्यूबही त्या मापाची घ्या. १८-२५ लिहिलेली ट्यूब २८ मध्ये ताणून बसते, पण पातळ होते.

आता चाक काढा. मागचं काढताना चेन सर्वांत लहान चकतीवर आणून ठेवा. हवा पूर्ण सोडा, लिव्हरने (टायर उचकटायच्या पट्टीने) टायर उतरवा आणि रिमच्या आतली टेप सरकलेली नाही ना, ते बघा. नव्या टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला ठेवा. एक कड बसवा, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती आत सारा आणि दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग अंगठ्यांनीच ढकला. लिव्हरने ट्यूब चिमटते. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा. रिम ब्रेक असेल तर फुगलेलं चाक ब्रेक पॅडमधून जात नाही, म्हणून आधी चाक बसवा, मग हवा भरा.

हवेत मात्र बरेच जण फसतात. रुंद टायर लावून जुनाच १०० चा दाब ठेवला, तर पैसे फुकट. ७० किलोच्या माणसाने पुढे ७०, मागे ७५ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि पाच-पाचने कमी करत बघावं. खड्ड्यात रिम ठोकली जायला लागली की पाच परत वाढवा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. हुकलेस रिम (टायर धरून ठेवणारी आतली आकडी नसलेली) असेल तर ७२ च्या वर कधीच जाऊ नका. ओल्या रस्त्यावर थोडी कमी हवा बरी, पण खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर आणि झेब्राच्या पट्ट्यांवर रुंद टायरही घसरतोच.

चाकाच्या सेन्सरवर चालणारा मीटर असेल, तर त्यातला घेर २०९६ वरून २१३६ मिमी करा, नाहीतर तो वेग कमीच दाखवेल.