मैदानावर खऱ्या मापाचं नॅट: लढाऊ वैमानिकांचा गौरव कसा करावा

लढाऊ वैमानिकांवर कार्यक्रम करायचा म्हटलं की एक मोठा फ्लेक्स, दोन देशभक्तिपर गाणी आणि पाहुण्यांची तीन भाषणं असा बेत ठरतो. घरी जाताना मुलांना एकाही वैमानिकाचं नाव सांगता येत नाही. त्या माणसाने कोणत्या दिवशी, कोणतं विमान घेऊन, नेमकं काय केलं हे अचूक मांडलं की विशेषणांची गरजच पडत नाही. खालचा आराखडा सोलापुरातली शाळा, वाचनालय किंवा गणेश मंडळ डोळ्यापुढे ठेवून केला आहे: बारा पॅनेल, मैदानावर खऱ्या मापात आखलेलं एक नॅट हे लढाऊ विमान आणि दीड तासाचा सत्कार.

आधी तारीख. हवाई दल दिन ८ ऑक्टोबरला असतो (स्थापना १९३२). पण तो सुमार नवरात्राचा आणि तुळजापूरला पायी निघणाऱ्यांचा. हॉल, मांडववाले, पोलीस परवानगी सगळंच अडतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा. म्हणून ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन ते १६ डिसेंबरचा विजय दिवस हे दहा दिवस धरावेत. त्याच्या मध्येच १४ डिसेंबर येतो, परमवीर चक्र मिळालेले वैमानिक सेखों यांचा दिवस. तयारीला दोन महिने ठेवा. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याला बोलवायचं तर त्याला वरून परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. पहिलं पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावं. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांशी आणि वीरपत्नी, वीरमातांशी त्यांचा संपर्क असतो.

पॅनेलचा मजकूर

एका पॅनेलवर एकच वैमानिक आणि जास्तीत जास्त १२० शब्द. क्रम असा: घटनेच्या वेळचा हुद्दा, नाव, स्क्वॉड्रन (हवाई दलाची तुकडी), विमान, तारीख, ठिकाण, काय घडलं, कोणता सन्मान मिळाला. नमुना पाहा:

‘१४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. पाकिस्तानची सहा सेबर विमानं तळावर हल्ला करत होती. १८ स्क्वॉड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच नॅट घेऊन उडाले आणि सेबरना भिडले. एकावर त्यांचा मारा लागला, दुसऱ्याला आग लागली, असं मानपत्र सांगतं. बाकीची सेबर मदतीला आली आणि संख्येपुढे नॅट पडलं. परमवीर चक्र, मरणोत्तर. हवाई दलाला मिळालेलं हे एकमेव परमवीर चक्र.’

एवढंच. ‘सिंहासारखी झेप घेतली’ वगैरे घालू नका. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उड्डाण केलं, यापेक्षा मोठं वाक्य आपल्याला लिहिता येणार नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली हुद्द्याची: हवाई दलात मेजर नसतो आणि नुसता कॅप्टनही नसतो. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन अशी चढती पायरी आहे. निवृत्तांचा हुद्दा कायम राहतो, नावापुढे कंसात ‘निवृत्त’ लिहायचं. दुसरी चूक सन्मानांची: परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र इतर प्रसंगांतल्या शौर्यासाठी. तिसरी तारखेची. स्क्वॉड्रन लीडर ए. बी. देवय्या ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यात मिस्टियर विमानातून पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाशी लढले आणि परतले नाहीत. महावीर चक्र जाहीर झालं १९८८ मध्ये. घटनेचं वर्ष आणि सन्मानाचं वर्ष वेगवेगळ्या ओळीत द्या, नाहीतर १९८८ च्या युद्धाचा शोध लागतो. पडताळणी संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरून करावी. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर जसाच्या तसा छापू नये.

चौथी गोष्ट हाराची, आणि ती सर्वांत जास्त दुखावणारी. पॅनेल लागली की कुणीतरी उत्साहाने सगळ्या फोटोंना हार घालत सुटतो. हयात वैमानिकाच्या फोटोला हार चढला तर समोर बसलेल्या त्याच्या घरच्यांना काय वाटेल? बेपत्ता असलेल्यांबाबत तर फारच जपावं. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे १९७१ च्या युद्धातून परतले नाहीत. त्यांचं नाव बेपत्तांच्या यादीत आहे, आणि त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तिथे ‘बेपत्ता’ हाच शब्द हवा. हुतात्मा नको, हारही नको. हाराचं काम एकाच जबाबदार माणसाकडे द्या आणि त्याच्या हातात यादी ठेवा.

बारांत दोन-तीन मराठी नावं जरूर असावीत. हृषीकेश मुळगावकर यांना काश्मीरच्या पहिल्या युद्धासाठी महावीर चक्र मिळालं, पुढे १९७६ ते १९७८ ते हवाई दलप्रमुख होते. नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ या काळात प्रमुख होते. तेही लढाऊ वैमानिकच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत प्रत्येक पॅनेलखाली एका ए-फोर कागदावर तेलुगू आणि कन्नड मजकूर लावा. तो त्या माध्यमाच्या शिक्षकांकडून लिहून घ्यावा, यंत्राकडून नको.

छपाई

माप दोन बाय तीन फूट, ५ मिमी सनबोर्ड, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतलं तर ट्यूबलाइट फोटोतल्या चेहऱ्यावरच चमकते. मजकूर ३० पॉइंट, नाव १०० पॉइंट. फोटो एक फूट रुंद छापायचा तर किमान १८०० पिक्सेल रुंदी हवी; वर्तमानपत्राच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. छपाईवाल्याकडे जुने फॉन्ट असतील तर युनिकोड मजकूर टाकताच ‘ॲ’ गायब होतो आणि रफार भलत्या अक्षरावर बसतो. तेव्हा पीडीएफ द्या आणि एक पॅनेल आधी कागदावर काढून वाचा. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप रात्रीत सुटते. वर दोन भोकं पाडून सुतळीने टांगा. मुलांसाठी पॅनेलचा मध्य जमिनीपासून सव्वाशे सेंटीमीटरवर ठेवा.

हवाई दलाचं वर्तुळचिन्ह रंगवताना बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. उलटं रंगवलेलं सर्रास दिसतं. तिरंगा टेबलावर अंथरायचा नाही, त्याने फोटो झाकून अनावरणही करायचं नाही. व्यासपीठावर काठीसह असेल तर वक्त्याच्या उजव्या हाताला.

मैदानावरचं नॅट

मुलांना सर्वांत जास्त यातून कळतं. नॅट ८.७४ मीटर लांब, पंखांचा पसारा ६.७३ मीटर. त्याच्याशी भिडलेलं सेबर दोन्हीकडून ११ मीटरच्या थोडं वर. दोन्ही शेजारी शेजारी आखली की नॅट केवढंसं होतं हे सांगावं लागत नाही.

वरून दिसणारा आराखडा १:४० प्रमाणात छापा. नॅट ए-फोरवर मावतं, सेबरला ए-थ्री लागतो. त्यावर अडीच सेंटीमीटरचे चौकोन आखा. एक चौकोन म्हणजे जमिनीवर एक मीटर. मैदानात आधी नाक ते शेपूट अशी सुतळी ताणा. तिला काटकोन ३-४-५ ने काढा: सुतळीवर तीन मीटर, आडवे चार मीटर, तिरकं अंतर पाच भरलं की कोन बरोबर. मग मीटर-मीटरचे चौकोन खिळे-सुतळीने पाडा आणि कागदावरची रेघ ज्या चौकोनात जिथे छेदते तिथे खडा ठेवा. सगळे खडे पडल्यावरच रेषा ओढा. हा धीर न धरल्याने एक पंख लांब, एक आखूड होतो. कबड्डीच्या मैदानासारखी फक्की टाकली तर वाऱ्याने दुपारपर्यंत उडते, आणि चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. खडूची पूड पाण्यात कालवून रुंद ब्रशने रेघ ओढावी. कॉकपिटच्या जागी लहान चौकट आखून एकेका मुलाला तिथे बसवा, डोक्यामागे इंजिन कुठे आणि दोन ३० मिमी तोफा कुठे ते दाखवा.

सत्कार

शालीऐवजी सोलापुरी चादर द्या. ती वापरात राहते. निवृत्त वैमानिकाला उंच पाठीची, हातांची साधी खुर्ची हवी, खोल सोफा नको. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या धक्क्याने मणक्याला इजा झालेले अनेक जण असतात. जेटच्या आवाजाने ऐकूही कमी येतं. प्रश्न माइकवरून, एका वेळी एकच. स्फोटांचे आवाज वाजवू नका, सभागृहात वीरमाता बसलेल्या असतात. त्यांना बोलायचं आहे का हे आदल्या दिवशी घरी जाऊन विचारावं. व्यासपीठावर अचानक माइक देऊ नये. सत्कारमूर्ती आधी बोलतील, प्रमुख पाहुणे नंतर.

‘किती विमानं पाडली?’ हा प्रश्न मुलांकडून काढून घ्या. त्याऐवजी: त्या दिवशी ब्रीफिंग किती वाजता झालं? उतरताना इंधन किती उरलं होतं? तुमचा विंगमन (जोडीने उडणारा साथीदार) कोण? सध्याचे तळ आणि क्षेपणास्त्रं यांवर प्रश्न नकोत. गल्लीत निवृत्त एअरमन असतील तर त्यांनाही त्याच रांगेत बसवा. विमान तयार करून कागदावर सही त्यांनी केल्याशिवाय कुणी उडत नाही.

बाहेर एक टेबल माहितीचं: एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, मुलींनाही प्रवेश आहे. लढाऊ वैमानिक हॉक जेटवर तयार होतात ते आपल्या शेजारच्या बिदरला.

वैमानिकाच्या लॉगबुकचे (उड्डाणांच्या नोंदवहीचे) फोटो घ्या, मूळ वही घरातून हलवू नका. मुलाखत सकाळी, पंखा बंद करून रेकॉर्ड करा आणि तिची एक प्रत आठवड्याच्या आत कुटुंबाकडे पोचवा. पॅनेल भिंतीला टेकवून ठेवली तर उन्हाळ्यात वाकतात. मध्ये वर्तमानपत्र घालून सपाट रचावीत, म्हणजे पुढच्या शाळेला तशीच देता येतात.