बी कुणी फोडायची? व्यापार-साहाय्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

गोवा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारी मुलं-मुली अधूनमधून फोन करतात. "ताई, तुम्ही करता ते काम म्हणजे नेमकं काय, आणि त्यात शिरायचं कसं?" व्यापार-साहाय्य म्हणजे गरीब देशांना आपला माल परदेशात विकता यावा यासाठीची मदत, पण एवढं फोनवर सांगून भागत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

माझी आई सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात बी फोडायची. हाताला तेल चोपडून बसायची, तरी टरफलातल्या चिकाने बोटं काळी पडायचीच. ही सगळी बी आपल्याच डोंगरातून येते अशी माझी लहानपणी समजूत होती. एम. ए. झाल्यावर वास्कोत एका निर्यातदाराकडे कागदपत्रांच्या टेबलावर नोकरी लागली, तेव्हा पोत्यांवरची नावं वाचायला मिळाली: बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानिया, गिनी-बिसाऊ. आपली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, उरलेली आफ्रिकेतून येते. आईच्या रोजगाराचं एक टोक तिकडच्या शेतकऱ्याच्या अंगणात बांधलेलं होतं. माझं पुढचं सगळं काम त्या पोत्यांमागे जाण्याचं आहे.

आता कामाबद्दल. गरीब देशाला परदेशी बाजारात आयात शुल्क माफ झालं, तरी त्याचा माल जात नाही. गोदाम नसतं, तपासणीची प्रयोगशाळा नसते, बंदरावर कागद अडतो, नाहीतर खरेदीदाराला हवी ती प्रत टिकवता येत नाही. ही अडचण मान्य करून जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर २००५च्या हाँगकाँग परिषदेत 'एड फॉर ट्रेड' हा उपक्रम सुरू झाला. नवीन माणसाचा इथे हमखास गैरसमज होतो. एड फॉर ट्रेड नावाची एखादी तिजोरी कुठेही नाही. पैसा असतो तो देणाऱ्या देशांच्या आणि विकास बँकांच्या नेहमीच्या मदतीतला, आणि त्यातला मोठा वाटा रस्ते, बंदरं, वीज यांना जातो. म्हणून "अर्ज कुठे करायचा?" हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. आधी "माल नेमका कुठे अडला?" हे विचारायला शिका. उत्तर बंदरातलं असेल तर दार वेगळं, प्रयोगशाळेतलं असेल तर वेगळं.

बंदर आणि सीमाशुल्काचा प्रश्न असेल, तर व्यापार सुलभीकरण करार पाठ असायला हवा. तो २०१३ साली बालीत ठरला आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झाला. त्यात विकसनशील देशाने आपली कामं स्वतःच तीन गटांत वाटायची असतात. 'अ' गटातली लगेच पाळायची, 'ब' गटातली थोडा अवधी घेऊन, आणि 'क' गटातली अवधी आणि बाहेरची मदत मिळाल्यावर. म्हणजे कुठल्याही देशाची 'क' यादी उघडली, की त्याने स्वतःच्या तोंडाने काय मागितलं आहे ते दिसतं. मी कुठल्याही दौऱ्याआधी पहिली ती यादी वाचते. पुष्कळ सल्लागार ती न वाचता जातात आणि त्या देशाने न मागितलेलं काहीतरी विकून येतात. मला ते मनापासून खटकतं.

अन्नसुरक्षेचा किंवा कीड-रोगाचा प्रश्न असेल, तर एसटीडीएफ, म्हणजे स्टँडर्ड्स अँड ट्रेड डेव्हलपमेंट फॅसिलिटी. अन्न व कृषी संघटना, आरोग्य संघटना, जागतिक बँक, व्यापार संघटना आणि पशुआरोग्य संघटना यांनी मिळून चालवलेली ही सोय आहे. नवशिक्याने हिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं, कारण प्रकल्प लिहिण्यासाठीच ती वेगळं अनुदान देते, ५०,००० डॉलरपर्यंत. प्रकल्प मंजूर झाला, तर अतिगरीब देशाला त्याच्या खर्चाचा किमान दहावा भाग स्वतः उचलावा लागतो. तो पैशातच असायला हवा असं नाही. सरकारी प्रयोगशाळेची जागा, कर्मचाऱ्यांचा वेळ हेही धरतात. आमच्या पहिल्या अर्जात तो हिशेब आम्ही शेवटच्या आठवड्यात करायला घेतला आणि अर्ज परत आला. तेव्हापासून हिशेब आधी मांडते आणि मजकूर नंतर लिहिते.

शिकायचं काय? वास्कोतल्या त्या टेबलाने मला जितकं दिलं तितकं कुठल्याच अभ्यासक्रमाने दिलं नाही. निर्यातीसाठी सीमाशुल्काकडे भरायचं शिपिंग बिल, उगम प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फायटो' म्हणतात तो वनस्पती-आरोग्याचा दाखला, पैशाची हमी देणारं बँकेचं पत्र म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. यांतलं एक अक्षर चुकलं की कंटेनर पडून राहतो आणि भाडं चढत जातं, हे एकदा डोळ्यांनी बघा. गोव्यात राहून हे शिकता येतं. काजू नको असेल तर मासळी आहे. युरोपला जाणाऱ्या मासळीसोबत ती कुठल्या बोटीने पकडली याचा दाखला लागतो, आणि तो तयार होताना बघणं हाच एक धडा आहे. वर्ष-दीड वर्ष अशा जागी काढा.

त्याच्या जोडीला आकडे. काजूची कच्ची बी ०८०१३१ आणि सोललेला गर ०८०१३२. सीमाशुल्कात माल ओळखायचे हे सहा आकडी कोड जगभर सारखेच आहेत. 'ट्रेड मॅप' या व्यापाराच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर एका देशाची निर्यात आणि दुसऱ्या देशाची त्याच मालाची आयात शेजारी ठेवून बघा. ती जुळणार नाहीत. निर्यात बंदरावरच्या किमतीने मोजतात, आयातीत वाहतूक आणि विमा धरतात. काही माल शेजारच्या देशातून लपून जातो, काही डिसेंबरात निघून फेब्रुवारीत पोचतो. तो फरक का पडला हे दोन पानांत लिहिता आलं, तर मुलाखतीत दाखवायला त्याहून चांगला नमुना नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचे एसएमई ट्रेड अकादमीतले ऑनलाइन वर्ग विनाशुल्क आहेत, तेही करा.

आणि पोर्तुगीज. आमच्या आजीच्या पिढीला ती लादलेली भाषा होती आणि त्या आठवणी काही सुखाच्या नव्हेत. पण गिनी-बिसाऊ, मोझांबिक, अंगोला, केप व्हर्ड, साओ तोमे, पूर्व तिमोर या सगळ्यांचे सरकारी कागद त्या भाषेत आहेत. पूर्व तिमोर ३० ऑगस्ट २०२४ रोजी जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. आता तिथे कायदे, दाखले, सूचना सगळं नव्याने बसवायचं काम आहे. भारतीयांमध्ये पोर्तुगीज वाचणारे थोडेच, आणि पणजीत ती शिकायची सोय हाताशी आहे. मी तिशीत शिकले, तुम्ही विशीत शिका.

नोकरीचं स्वरूप मात्र स्पष्ट सांगते. कायम जागा कमी असतात. बहुतेक काम कराराचं, दिवसांच्या हिशेबाने. दिल्लीत आयआयएफटीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड) जागतिक व्यापार संघटना अभ्यास केंद्र आहे, मुंबईत निर्यात-आयातीला कर्ज देणारी सरकारी एक्झिम बँक आहे, जिनिव्हातल्या संस्था आहेत. भारताचा अनुभव आफ्रिकेत नेणारे प्रकल्पही होत असतात. ब्रिटनच्या पैशावर आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राने 'सीटा' नावाचा असाच प्रकल्प पूर्व आफ्रिकेतल्या पाच देशांत चालवला. दोन करारांमध्ये चार-चार महिने रिकामे जातात, ते धरूनच घरखर्च आखा.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसले ती. गिनी-बिसाऊची राजधानी बिसाऊ, तिच्याजवळच्या एका छोट्या प्रक्रिया केंद्रात मी गराची प्रतवारी करायला शिकवत होते. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त ३२० अखंड गर, वगैरे. तिथल्या गटाच्या प्रमुख बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "आम्ही इथेच बी फोडायला लागलो, तर तुमच्या गावातल्या बायका काय फोडतील?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. गिनी-बिसाऊच्या निर्यातीचा बहुतेक सगळा भार कच्च्या काजूवर आहे. मोझांबिकचा इतिहासही त्या बाईंना माहीत होता. तिथे मोठे प्रक्रिया कारखाने होते. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या अटीमुळे कच्च्या बीवरचा निर्यात कर खाली आणला गेला, बी भारताकडे वळली, आणि कारखाने बंद पडून हजारो कामगार घरी बसले. त्यांत बायका पुष्कळ होत्या. १९९९ साली त्यांच्या संसदेने कर पुन्हा वाढवला, पण बंद पडलेले बहुतेक कारखाने काही उघडले नाहीत. त्या वर्षांत आईला जादा पाळी मिळायची. आम्हाला नवीन दप्तरं त्याच पैशातून आली.

मी त्यांना हे सगळं सांगितलं, दप्तरांसकट. या कामात आपल्या देशाचा फायदा कुठे गुंतला आहे ते समोरच्याला आधी सांगायचं, हे मी तिथे ठरवलं आणि आजवर पाळते. माझं मतही सांगितलं: तुमची बी तुम्हीच फोडावी, आणि आम्ही आमच्या डोंगरातली झाडं नीट जोपासून, आमचा गर आमच्या नावाने विकून उभं राहावं. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती वाट खुली आहे. बाईंना ते कितपत पटलं कोण जाणे, पण त्यांनी मला आत नेऊन त्यांची खरी अडचण दाखवली. देणगीतून आलेलं बी फोडायचं यंत्र नवं होतं, तरी गर फार फुटत होता. अखंड गर आणि तुकडा यांच्या भावात केवढा फरक असतो ते काजूवाल्यांना सांगायला नको. यंत्र बदलून द्या, असा अर्ज तयार होता.

मी तिथूनच आईला फोन लावला. तिने यंत्राबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, "बी वाफवल्यावर किती वेळ ठेवतात?" मी विचारून सांगितलं, दोन तास. "मग फुटणारच की गो. रात्रभर पसरून थंड होऊ दे म्हणावं, आणि सकाळी फोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तसं करून पाहिलं. तो यंत्राचा अर्ज पाठवलाच नाही. त्याऐवजी बी पसरायला सिमेंटचं खळं आणि वर छप्पर मागितलं.