हमिंगबर्डसाठी घरच्या घरी साखरपाणी

हमिंगबर्ड निसर्गतः फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतो. जगात इतरत्र फुलांमधील मकरंद शोषणारे शिंजीर दिसायला थोडेफार तसेच असले, तरी ते वेगळ्या कुळातले पक्षी आहेत. तेव्हा ज्यांच्या परसात हा पक्षी खरोखरच येऊ शकतो, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

कृती अगदी सोपी आहे. एक कप साधी पांढरी साखर आणि चार कप पाणी, एवढेच लागते. पाणी गरम करून त्यात साखर घालावी, ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि पूर्ण गार झाल्यावरच फीडरमध्ये, म्हणजे टांगण्याच्या भांड्यात, ओतावे. पाणी फार वेळ उकळत ठेवू नये, कारण ते आटते आणि प्रमाण बिघडते. या प्रमाणातली गोडी हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांच्या मकरंदाच्या जवळपासची असते, म्हणून जास्त साखर घातली तर पक्षी जास्त येतील असे समजू नये. उरलेले साखरपाणी झाकून फ्रिजमध्ये ठेवल्यास आठवडाभर टिकते.

साखरेच्या जागी दुसरे काहीही चालत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. मध नैसर्गिक म्हणून चांगला वाटतो, पण पाण्यात मिसळलेल्या मधात बुरशी आणि जंतू फार लवकर वाढतात. गूळ आणि तपकिरी साखर यांतील लोह या पक्ष्यांना अपायकारक ठरू शकते. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गोड पदार्थांतून त्यांना ऊर्जाच मिळत नाही, आणि ज्याचे वजन जेमतेम 3 ग्रॅम असते व जो सेकंदाला सुमारे 50 वेळा पंख हलवतो, त्या माणकासारख्या लाल गळ्याच्या रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डला ऊर्जेवाचून क्षणभरही तरंगता येणार नाही. लाल रंगही घालू नये. पक्ष्याला बोलावण्यासाठी भांड्याचा लाल भाग पुरेसा असतो.

खरे कष्ट आहेत ते स्वच्छतेचे. कडक उन्हाळ्यात साखरपाणी दोन दिवसांत, फार उकाडा असेल तर रोजच, आणि हवा थंड असेल तेव्हा चार-पाच दिवसांत बदलावे, मग पक्ष्यांनी त्याला चोच लावलेली असो वा नसो. भांडे उजेडासमोर धरून पाहावे: पाणी गढूळ दिसले, त्यात पांढुरके तंतू तरंगताना दिसले किंवा चोच घालण्याच्या भोकांच्या कडेला काळे ठिपके धरलेले दिसले, तर ते तत्काळ ओतून टाकावे. नुसती वरून भर घालण्याची सवय वाईट, कारण तळाचे आंबलेले पाणी नव्या पाण्यालाही नासवते. प्रत्येक वेळी भांड्याचे सगळे भाग सुटे करून गरम पाण्याने आणि बारीक ब्रशने घासावेत. बुरशी धरली असेल तर व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात भिजत घालून नंतर भरपूर पाण्याने खळबळून घ्यावेत. म्हणूनच विकत घेताना सहज उघडता येणारे आणि आतपर्यंत हात पोहोचेल असे भांडे निवडावे. सुरुवातीला ते अर्धेच भरावे.

भांडे अर्धवट सावलीत टांगावे. खिडकीजवळ टांगायचे असेल तर काचेपासून मीटरभराच्या आत टांगावे, म्हणजे पक्षी काचेवर आदळला तरी त्याला फारसा वेग आलेला नसतो. मुंग्यांसाठी टांगण्याच्या तारेवर पाण्याची छोटी वाटी बसवता येते; तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये, कारण ते पिसांना लागले की निघत नाही. एखादा नर भांड्यावर हक्क सांगून बाकीच्यांना हुसकावत राहिला, तर दुसरे भांडे त्याच्या नजरेआड, घराच्या दुसऱ्या बाजूला टांगावे.

कीटकनाशके फवारू नयेत. हे पक्षी बारीक किडे आणि कोळीही खातात आणि पिल्लांना भरवतात.

शरद ऋतूत भांडे टांगलेले राहिले तर पक्षी स्थलांतर करायचे थांबतात, ही समजूत चुकीची आहे. शेवटचा पक्षी दिसल्यावरही दोनेक आठवडे ते राहू द्यावे, म्हणजे मागे राहिलेल्या वाटसरूंची सोय होते. पॅसिफिक किनाऱ्यावर मात्र अ‍ॅनाज हमिंगबर्ड हिवाळाभर राहतो. तेथे साखरपाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर भांडे रात्री घरात घ्यावे आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा बाहेर टांगावे, कारण शरीराचे तापमान उतरवून रात्र निपचित काढलेल्या त्या पक्ष्याला जाग येताच खाणे लागते.