एकोणतीस डिग्री म्हणजे किती किलो?

गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ माप मी घेते. लॅक्टोमीटर (दुधात तरंगवून घनता मोजायचं साधन) दुधात सोडला आणि 29 च्या रेघेवर स्थिरावला, की आम्ही म्हणतो 'डिग्री एकोणतीस'. ही डिग्री तापाची नव्हे, घनतेची. आकड्याच्या आधी 1.0 लावा: 1.029. म्हणजे एक मिलिलिटर दूध 1.029 ग्रॅम भरतं, आणि एक लिटर 1.029 किलो.

हे न कळल्यामुळे पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली. आम्ही 312 लिटर दूध पाठवलं, टँकरची पावती आली 321 ची. चेअरमन खूश! म्हणाले, नऊ लिटर वाढवून लावलंय, गप्प बसा. मी म्हटलं, थांबा, हिशेब करते. मी 312 ला 1.029 ने भागलं, 303 आलं, आणि ठामपणे सांगितलं की नऊ नाही, अठरा जादा आलंय. दोघंही चुकलो होतो. पावतीवर आकड्यापुढे बारीक अक्षरात 'किलो' छापलेलं होतं, आणि 312 ला 1.029 ने गुणलं की 321 च येतात.

तेव्हापासून आकडेमोडीच्या आधी एकच विचारते: पदार्थ पाण्याहून जड की हलका? पाणी लिटरला एक किलो. दूध त्याहून जड, म्हणून किलोचा आकडा लिटरपेक्षा मोठाच यायला हवा. लहान आला तर आपण उलटं केलंय. लिटरचे किलो करताना घनतेनं गुणायचं, किलोचे लिटर करताना भागायचं.

आता शाळेतला प्रश्न. भाची परवा वही घेऊन आली: 1.029 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरचे किलोग्रॅम प्रति घनमीटर कर. तिनं शंभरानं गुणलं होतं, कारण मीटरमध्ये शंभर सेंटीमीटर. बहुतेक पोरं इथंच घसरतात. घनमीटर म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही. 100 गुणिले 100 गुणिले 100, म्हणजे 10 लाख घनसेंटीमीटर. तेवढ्या दुधाचं वजन 10,29,000 ग्रॅम. त्याचे किलो करायला हजारानं भागा: 1029. म्हणजे हिशेब हजारपटीचा. घनसेंटीमीटर आणि मिलिलिटर एकच.

मी तिला वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: ग्रॅम प्रति मिलिलिटर, किलो प्रति लिटर, टन प्रति घनमीटर, तिन्हींत आकडा तोच, 1.029. ग्रॅम प्रति लिटर आणि किलो प्रति घनमीटर, या दोन्हींत 1029. एका गटातून दुसऱ्या गटात जाताना तेवढं दशांशचिन्ह तीन घरं हलवायचं.

एक सांगायला हवं. धारेचं कोमट, फेसाळ दूध लगेच मोजलं तर डिग्री कमी दिसते, आणि दूध घालणारा म्हणतो, ताई, पाणी घातलंय असं म्हणता काय? फेस बसू द्या, थर्मामीटर बुडवा. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानासाठी बनवलाय ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दूध त्याहून गरम-थंड असेल तर तक्त्यावरून दुरुस्ती करा. नुसत्या डिग्रीवर माणसाला चोरही ठरवू नका, सावही. साय काढली की डिग्री चढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही केलं तर बरोबर येते. म्हणून फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, वेगळी मोजावीच लागते.

पेट्रोल पंपावरची डेन्सिटीही किलो प्रति घनमीटरमध्ये असते, तीही 15 अंश सेल्सिअस तापमानावर आणलेली. 745 दिसलं तर तीन घरं मागे या: 0.745, म्हणजे लिटरला पाऊण किलोच्या आत.

पण घरात खरा उपयोग तेलाच्या डब्याला. खाद्यतेलाची घनता साधारण 0.91, म्हणून एक लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम छापलेलं असतं. 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलो तेल. 15 किलोच्या डब्यात मात्र जवळजवळ साडेसोळा लिटर. दिवाळीला दुकानदार नुसतं 'पंधराचा डबा' म्हणाला, की मी आधी विचारते, पंधरा काय?